परकीची साक्ष

आईने सोयाबीन आंबवून भरलेल्या तीन बरण्या सोंग-ग्यूने 'वास मारतात' म्हणून कचऱ्यात टाकल्या, त्याच दिवशी मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

सोंग-ग्यू माझा धाकटा भाऊ, राहतो बुसानला. आईही तिथलीच. बाजारात चाळीस वर्षं मासळी विकून तिने इथे होनोलुलूत फ्लॅट घेतला. दर हिवाळ्यात यायची आणि तिचं सगळं मी बघायची. पुढे या दिवट्याने तिच्या मागे लागून घराच्या कागदावर स्वतःचं नाव जोडून घेतलं, म्हणजे ती गेल्यावर घर आपोआप त्याचं. आमच्या कोरियात दोन नावं म्हणजे निम्मं-निम्मं, तेव्हा आईमागे इथे कर बसला तरी निम्म्यावरच, असं तो धरून चालला. आईच्या अंत्यविधीला सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "लग्न झालेली मुलगी परकी. तिचा काय संबंध?" मग इथे येऊन कुलूप बदललं, त्या बरण्या फेकल्या आणि गिऱ्हाईक शोधायला लागला.

पण परदेशात राहणारा माणूस मेला की त्याच्या इथल्या घरावर हवाई राज्य कर लावतं. तो भरल्याशिवाय विक्री होणार नव्हती. वर त्याने गाठलेल्या वकीलबाईंनी सांगितलं, की जोडनावाच्या माणसाने स्वतःचे पैसे घातल्याचा पुरावा नसेल, तर राज्य अख्खं घर मेलेल्याचंच धरतं. तेव्हा कुठे त्याला माझी आठवण झाली.

"नूना," बाईंच्या ऑफिसात तो म्हणाला. थोरल्या बहिणीला असंच म्हणायचं असतं. एरवी तो माझं नुसतं नाव घेतो. "निम्मे पैसे मी दिले, एवढं लिहून दे. खरेदीला तू हजर होतीस."

सख्ख्या बहिणीचं कोण खरं मानणार, असं मी बाईंना विचारलं.

"तुम्हाला यातून काही मिळणार नाही ना?" बाई म्हणाल्या. "मग तुमचंच मानतील."

माझा वाटा काढून घेताना त्यानेच मला साक्षीदार करून ठेवलं होतं. मी पेन उचललं. सगळे पैसे आईचे, भावाचा एक वॉनही नाही, असं लिहून खाली सही ठोकली.

त्याचा चेहरा उतरला. "अख्ख्या घरावर कर बसेल. कळतंय का तुला?"

"कळतंय की. पण मी पडले परकी, सोंग-ग्यू. तुझ्यासाठी खोटं कशाला बोलू?"

आई गेल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं, आणि त्याची लाजही वाटली नाही. लिफ्टपाशी त्याने पुन्हा नूना म्हणून हाक मारली. मी घरी आले आणि सोयाबीन भिजत घातले.