तीन मिनिटं उघडं पान

माझ्या वेबसाइटवर रोज चाळीस माणसं यायची, आणि त्यातली निम्मी घरचीच असायची.

वेबसाइट दुरुस्तीची होती. गळका नळ, अडकलेली चेन, करकरणारं दार, दांडा निखळलेली कढई. दुकानातली नोकरी सोडून मी ती काढली होती. पानाच्या कडेला जाहिराती लागायच्या. जितकी माणसं येतील आणि जितका वेळ थांबतील, तितकं पदरात पडायचं. म्हणून मी घरच्यांना हात जोडून सांगितलं होतं, "जाहिरातींना बोट लावू नका, कंपनी पकडते. नुसतं पान उघडा आणि तीन मिनिटं राहू द्या."

आईला मी नळाचं पान उघडून दिलं होतं. ती रोज तेवढंच उघडायची, फोन भिंतीला टेकवायची आणि त्याच्यासमोर भाजी चिरत बसायची. "बघतेय रे बाबा तुझा नळ," म्हणायची. "महिना झाला, अजून गळतोच आहे." मामा दिसला की विचारायचा, "काय वेबसाइटवाले, आज पाहुणे किती? चहा टाकू का त्यांना?"

ताई मात्र चेष्टा करायची नाही. ती एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. जेवणाची सुट्टी झाली की, एक वाजून दहा मिनिटांनी, जे पान सगळ्यात वर असेल ते उघडायची. "भाकरी संपेस्तोवर ठेवते हो मी उघडं," असं तिने मला एकदा सांगितलं होतं, जणू दिव्यात तेल घालण्याचं काम असावं.

पण चाळिसाचे पन्नास होईनात. खोलीचं भाडं पुढच्या महिन्यावर येऊन ठेपलं. माझा एक मित्र होता, लोकांच्या वेबसाइटवर गर्दी जमवून देणं हाच त्याचा धंदा. आम्ही त्याला आकडेशास्त्री म्हणायचो. त्याने माझी पानं चाळली आणि मान हलवली.

"गळका नळ कोण वाचतो? ज्याचा गळतो तो. तू गळकं घर लिही. अख्खं गाव वाचेल."

"माझ्याकडे कुठलं घर?"

"प्रत्येकाकडे एक असतं," तो म्हणाला.

होतं. माझ्याकडे ताईचं होतं.

दोन आठवड्यांपूर्वी मी तिच्या दाराची कडी बसवायला गेलो होतो. घर शांत होतं. सज्ज्यातल्या दोरीवर दोन शर्ट वाळत होते, निळा आणि रेघांचा. मी विचारलं, "भाऊजी आलेत वाटतं?" ती खाली बसली आणि कडीचे स्क्रू माझ्या हातात एकेक देत सगळं सांगितलं. भाऊजी चार महिन्यांपूर्वीच निघून गेले होते, दुसरीकडे. हे दोन शर्ट तेवढे मागे राहिले. गल्लीला तिने सांगितलं होतं की परगावी काम लागलंय, शनिवारी रात्री येतात आणि रविवारी परततात. आणि दर रविवारी ती ते न घातलेले शर्ट भिजवायची, पिळायची, दोरीवर घालायची.

"मळ नसतोच रे त्यांना," ती म्हणाली. "तरी धुते. वाळत घातलेलं दिसलं की विचारत नाहीत." आणि उठता उठता, "आईलासुद्धा बोलू नकोस हं, छोट्या."

लहानपणी ताईची वेणीफणी करताना आई एक ओवी म्हणायची:

बहिणीचं दुःख भाऊ पोटात ठेवितो
वाटसरू पुसे त्याला, तांब्या पाण्याचा देतो

मी वाटसरूला पाणी दिलं नाही. मी त्याला घरात घेतलं, सज्ज्यापर्यंत नेलं आणि दोरी दाखवली.

नाव घातलं नाही. गाव बदललं. लाँड्रीच्या जागी शिवणकामाचं दुकान केलं. एक नसलेलं मूलही दिलं तिला. फक्त शर्ट तसेच ठेवले, निळा आणि रेघांचा. कारण शर्ट काढले असते तर गोष्टीत उरलं काय असतं? ताई सांगताना रडली नव्हती. मी तिला रडवलं. ओला शर्ट तोंडाशी धरून हुंदके देणारी बाई लिहिली. मथळा आकडेशास्त्र्याने दिला: 'नवरा गेला, तरी दर रविवारी ती त्याचे शर्ट का धुते?'

पहिल्या दिवशी नऊशे माणसं आली. आठवड्यात अकरा हजार. जाहिराती लावणारं यंत्र पानावरचे शब्द वाचतं आणि त्याजोगा माल मांडतं. माझ्या बहिणीच्या दुःखाखाली पुरुषांचे शर्ट झळकू लागले. एकावर एक मोफत. मी ते पाहिलं. आणि मी पान खाली सरकवून पुन्हा आकडा बघितला.

भाडं भागलं. आईने विचारलं, "नळ चालला का रे शेवटी?" मी म्हणालो, "चालला."

आकडेशास्त्र्याने मला वेबसाइटचे आकडे दाखवणारी एक पाटी लावून दिली होती. कोण आलं ते तिच्यावर कळत नसे. कुठल्या शहरातून, कधी, किती वेळ, एवढं कळे. माणसं यायची आणि अर्ध्या मिनिटात उडून जायची. एक मात्र आमच्याच शहरातलं होतं. रोज एक वाजून दहा मिनिटांनी तेच शर्टांचं पान उघडायचं आणि तीन मिनिटं थांबायचं. मला त्या माणसाचं कौतुक वाटायचं. म्हटलं, एकाला तरी माझं लिहिणं लागलंय.

मग एका बुधवारी ते आलं नाही. पुढच्या बुधवारीही नाही. तिसऱ्या बुधवारी मी पाटीसमोर बसून होतो. एक दहा झाले, सव्वा झाला, आणि मला आठवलं की लाँड्रीची सुट्टी बुधवारी असते.

सगळ्यात वर असेल ते पान. घरच्यांना आता पुरे म्हणून सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं.

गुरुवारी एक वाजून गेल्यावर मी लाँड्रीत गेलो. वाफेने भिंती ओल्या होत्या. चादरी दाबून काढणारं मोठं यंत्र थंड होत पडलं होतं आणि बायका गठ्ठ्यांवर बसून डबे सोडत होत्या. ताई कोपऱ्यात एकटीच होती. तिच्या शेजारी फोन होता, साबणाच्या डब्याला टेकवून, तोंड भिंतीकडे करून.

"अरे, तू इथे?" ती म्हणाली. "जेवलास का?"

"ताई, ते पान..."

"थांब, झालं नाहीये अजून. एक मिनिट राहिलं." तिने घास चावला. "तीनच मिनिटं ना?"

बसायला तिने गठ्ठा सरकवला, पण माझ्याने बसवेना.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी. वरचंच पान होतं की."

"मग उघडतेस कशाला रोज?"

"तू सांगितलं होतंस. खोली जाईल म्हणाला होतास." तिने पाण्याची बाटली उघडली. "मी वाचत नाही. एकदा वाचलं, पुरे झालं."

"गल्लीत कुणी..."

"समोरच्या काकूंनी वाचलं. त्यांच्या सुनेने वाचून दाखवलं त्यांना. परवा मला म्हणतात कशा, आमच्याकडेही असे दोन शर्ट पडलेत, घेऊन जा, तेवढाच दोरीला फेरबदल." ताई हसली. ते हसू मला बघवेना. "विनोदी बाई आहे. आता मी कपडे आत वाळवते. खोलीला कुबट वास येतो, पण चालतं."

"मी काढून टाकतो. आत्ता काढतो."

"काढ की. पण काकूंच्या डोक्यातून कसं काढणार?"

मी फोन काढला. ती शांतपणे म्हणाली, "एक विचारू? मला आधी का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

तोंडातून निघून गेलं. तिने बाटलीचं झाकण लावलं.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली.

जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात. त्या ओल्या फरशीला एक तडासुद्धा गेला नाही. शेजारच्या बायका जेवत होत्या, कुणीतरी लोणचं मागत होतं.

"आणि मी रडले कधी रे?"

"लोक तिथे थांबतात, ताई. रडण्यापाशी."

"हं," ती म्हणाली. डबा बंद केला. झाकणावरची बोटं पुसली. "मी नव्हते रडले. एवढं एक तरी माझं ठेवायचंस."

मी पान काढायला घेतलं. फोनने विचारलं, खात्री आहे? मी हो दाबलं. तिने पाहिलंही नाही. घंटा झाली, यंत्र घरघरलं, आणि ती पदर खोचून उभी राहिली.

"आईला मी सांगतो सगळं," मी म्हणालो. "माझी चूक आहे, मीच सांगेन."

"नाही," ती पटकन म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तू नाही सांगायचंस. तू सांगितलंस की वेगळंच होतं ते. मी सांगेन. रविवारी येते."

रविवारी ती आली. आईने चहा ठेवला, ताईसाठी उशी मांडली, "माझी लेक सुकली गं," म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी दाराजवळ होतो. ताईने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे एकदा पाहिलं.

"मी जरा खाली जाऊन येतो," मी म्हणालो.

"अरे, चहा?" आई म्हणाली.

"नंतर."

मी दार ओढून घेतलं. जिन्यात उभा राहिलो तर ताईचा आवाज आला, हळू, सरळ. "आई, पाच महिने झाले..." मी एक मजला उतरलो. तिथेही सूर ऐकू येत होता, शब्द नव्हते. पण मी स्वतःला ओळखून होतो. शब्द नसले तरी मी ते घालू शकलो असतो. म्हणून आणखी एक मजला उतरलो, मग फाटकाबाहेर गेलो, आणि जिथे गाड्यांच्या आवाजाखेरीज काहीच ऐकू येत नव्हतं तिथे, ती हाक मारेपर्यंत, उभा राहिलो.