एकसष्ट किलो वाळू

एकसष्ट किलो वाळू, दोन पोत्यांत. तोंडं सुतळीने शिवलेली.

जुन्या गाडीत आधी रबर म्हातारं होतं. लोखंडाची पाळी मागाहून येते.

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक आरशात बघत असलं की दुकानदार सभ्यपणे दुसरीकडे बघतो. हा बघतच राहिला.

पेन्सिलीचं टोक सुईसारखं. रेघ पुरी होईपर्यंत श्वास सोडायचा नाही.

जास्त उजेडाचे दिवे बसवायचे असतील तर आधी जाड वायर आणि रिले बसवावा. नाहीतर जो उजेड पडेल तो जळणाऱ्या स्विचचा. (हिरवी शाई.)

शंभर पावलांत एक वीत.

१,४२,३१०

गाडी सव्वीस वर्षांची. चालवणारी बाई चौसष्टची. नकाशे काढायच्या कचेरीत तीस वर्षं सरळ रेघा ओढून तिने पोट भरलं होतं. तिला ताई म्हणणारं घरात एकच माणूस होतं, धाकटी बहीण, आणि चार महिन्यांपूर्वी ती लग्न करून गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी. विवाह नोंदणीच्या कचेरीत जाऊन दोन सह्या, संपलं. नवरा विधुर, चष्म्याच्या दुकानाचा मालक. लग्नानंतर दुकान विकून तो आपल्या गावी परतला, पावणेतीनशे किलोमीटरवर. त्या दुकानात धाकटीला पहिल्यांदा नेलं ते ताईनेच, याच गाडीतून. आपल्याच पायावर धोंडा, तोही आपणच चालवत नेलेला.

"गाडी माझ्या बाजूला ओढते," ताई मिस्त्रींना म्हणाली. "शंभर पावलांत एक वीत."

"मोजलंत?"

"मोजलं."

मिस्त्रींना सगळे ओळंबा म्हणत. बाकीच्या गॅरेजांत चाकांची अलाइनमेंट कॉम्प्युटरवर होई. हा माणूस दोरी, खडू आणि गवंड्याचा ओळंबा घेऊन जमिनीवर पालथा पडायचा. आणि रिकाम्या गाडीच्या चाकांना तो हातच लावत नसे. गाडीत रोज कोण बसतं, कुठे बसतं, वजन किती, हे आधी विचारायचा. तेवढ्या वाळूची पोती त्या त्या सीटवर चढवायचा आणि मग दोरी ताणायचा.

"नवी गाडी मनावर घेत नाही," तो म्हणाला. "जुन्या गाडीच्या स्प्रिंगा थकलेल्या असतात. कोण बसलंय ते त्यांना लगेच कळतं. बोला, रोज किती जण?"

"दोघी," ताई म्हणाली.

"वजनं सांगा. खरी सांगा. इथे बायका वय सांगून टाकतात, वजन म्हटलं की काच वर करतात."

"माझं बावन्न. तिचं एकसष्ट."

"त्यांचं पाठ आहे तुम्हाला."

"ती एकोणसाठ सांगते."

ओळंब्याने झिजलेले रबरी बुश बदलले, पोती चढवली, दोरी ताणली, अर्धा दिवस गाडीखाली काढला. मग पोती उतरवून स्वतः ताईच्या शेजारी बसला, चक्कर मारायला. त्याचे गुडघे समोरच्या कप्प्याला टेकले.

"ही सीट मागे जात नाही?"

"गंजलीय."

"तेल सोडतो की. दोन मिनिटांचं काम."

"नको. राहू दे."

गाडी ताणलेल्या दोरीसारखी सरळ गेली. ओळंबा उतरला, ताई एकटी घरी निघाली. शंभर पावलांत एक वीत.

१,४२,३३८

"ताई, चौदा तारखेला डोळ्याचं ऑपरेशन आहे माझं. मोतीबिंदू."

"चष्मेवाल्याची बायको आणि मोतीबिंदू."

"दिव्याखाली अंधार. हे रोज म्हणतात, तू नवीन काहीतरी म्हण. ऐक, तू ये. यांना गाडी येत नाही, तुला माहितीय."

"गाडी ओढतेय गं."

"कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"मिस्त्रींना दाखवलीस?"

"ते शेजारी बसले की सरळ जाते."

"मग त्यांनाच घेऊन ये बरोबर."

"थट्टा सुचतेय तुला."

"बरं बाई. नाहीच जमलं तर भाड्याची करू. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

फोन ठेवून ताई तिथेच स्टुलावर बसली. आजवर धाकटीचे दात, दाढा, पासपोर्ट, परीक्षा, कंबर, एका मैत्रिणीचं बाळंतपण, सगळीकडे तिला नेलं ते ताईने. नेण्याआणण्यावर तक्रार करायची ती धाकटी आणि ऐकून घ्यायची ती ताई, असा व्यवहार ठरलेला. एकदा का ती भाड्याच्या गाडीतून दवाखान्यात गेली, सुखरूप परत आली, की पुढच्या वेळी तिला हा फोन करायचं सुचणारही नाही.

आणि चौदा तारखेला सोळा दिवस उरले होते.

शेजारच्या कप्प्यातली वही

ही धाकटीने लिहिलेली. शेजारी बसणाऱ्याला दुसरं काम नसतं.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने ते कळत नाही. बिघडली तर त्याहून कळत नाही.

टायरची नक्षी बघून फसू नये. कडेवरचा आकडा वाचावा, त्यात आठवडा आणि वर्ष असतं. सहा वर्षांपुढचा टायर म्हणजे कवळी घातलेला माणूस.

रुंद टायर घालू नयेत. रुबाब वाढतो, स्टिअरिंग जड होतं आणि ताईचा खांदा धरतो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ताई म्हणते तीन. दोन.

दिवा मंद झाला की लोक दिवा बदलतात. आधी वायरचं टोक जिथे पत्र्याला जोडलंय तिथला गंज खरवडून बघावा.

दर नोंदीपुढे किलोमीटर. शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची. पुढचं पान कोरं, त्याच्या पुढचंही. ताईने एकदा पेन हातात घेतलं होतं, पण तिच्याकडे हिरवं नव्हतं.

१,४२,३७१

"या," ओळंबा म्हणाला. "परत?"

"परत."

त्याने पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावले. टायरचा दोष असेल तर ओढ बाजू बदलते. साधी परीक्षा आहे, घरीही करता येते. ओढ बदलली नाही, कारण चक्कर मारताना ओढ नव्हतीच. तो शेजारी बसला होता, गुडघे कप्प्याला टेकवून.

"राग मानू नका बाई, पण ही ओढते कुठे?"

"घरी जाताना."

"घर कुठल्या बाजूला आहे?"

"मिस्त्री."

"नाही, रस्त्याला उतार असतो एखाद्या. म्हणून विचारलं."

"उतार नाही."

ओळंब्याने दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "वीस वर्षांत माझी दोरी खोटी पडली नाही," तो म्हणाला, पण ताईला नाही, दोरीलाच.

१,४२,४०२

ताईने न्हाणीघरातला वजनकाटा बाहेर काढला. त्यावर एकेक करून जुन्या नकाशांची बांधीव बाडं ठेवली, वर शब्दकोशाचे तीन खंड, वर इस्त्री. एकसष्ट. पाच खेपांत सगळं खाली नेलं, शेजारच्या सीटवर रचलं आणि सुटू नये म्हणून पट्टा लावला.

गाडी सरळ गेली.

गाडीला उणीव होती ती धाकटीच्या वजनाची, हे कळलं तेव्हा तिने काही केलं नाही. पुढच्या वळणावर इंडिकेटर दिला आणि वळली.

सहा दिवस ती अशीच फिरली. खालच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून बघत होत्या.

"अहो, पुस्तकांना पट्टा लावून फिरवताय?"

"घरात बसून कंटाळतात."

"आणि इस्त्री?"

"ती त्यांच्याबरोबर असते."

असंच चौदा तारखेला जाताही आलं असतं. पण पोचल्यावर धाकटी सवयीने तेच दार उघडणार आणि विचारणार, हे काय? आणि ताईला थाप मारता येई ती फक्त मिस्त्रींना. बारा तारखेला सकाळी तिने बाडं वर नेऊन ठेवली. पाच खेपा. इस्त्री केली नाही तरी ती गरम झाली होती, काचेतून आलेल्या उन्हाने.

१,४२,४५५

"या वेळी मी बसत नाही," ओळंबा म्हणाला. "तुम्ही एकट्या जाऊन या. मी इथून बघतो."

त्याने गॅरेजमागच्या रिकाम्या रस्त्यावर खडूने लांब रेघ मारली. दोरी धरून मारली होती. ताईने आपोआप एक डोळा मिटून तपासली. बरी होती. मग ती गाडीत बसली, चाक रेघेवर घेतलं आणि स्टिअरिंगवरचे हात सैल सोडले. आरशात ओळंबा लहान होत गेला, कमरेवर हात, हललाच नाही. चाक रेघेवरून उतरलं आणि हळूहळू, कोणी बोलावल्यासारखं, तिच्या बाजूला गेलं.

ती परत आली, इंजिन बंद केलं, उतरली नाही. तो खिडकीशी वाकला.

"दोघी म्हणाला होतात."

"होतो दोघी."

टोपी काढावी की काय, असा त्याचा हात वर गेला. "कधी वारल्या?"

"वारली नाही हो. लग्न झालं तिचं."

"लग्न." त्याने हात खाली घेतला. वाईट वाटल्याचा चेहरा तयार झाला होता, त्याचं काय करावं ते त्याला कळेना. "मग चांगलं झालं की."

"चांगलंच झालं."

"बाई, पंधरा दिवस मी माझ्या दोरीवर संशय घेतोय. काल नवी आणली. घरात कोणाशी धड बोललो नाही. बायको म्हणते, कुणाची गाडी एवढी मनाला लागली?"

"चुकलं माझं."

"डॉक्टरला आणि मिस्त्रीला खरं सांगावं, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं."

"हो."

"आता दोन वाटा आहेत. एक, माझी पोती घेऊन जा, कायमची, फिरा त्यांना घेऊन. दोन, मी एकीची करतो. पण एकीची केली, आणि कधी त्या येऊन बसल्या, की गाडी त्यांच्या बाजूला ओढणार. या वयात दोन्ही जमत नाही तिला."

ताईने शेजारच्या सीटकडे बघितलं नाही. रस्त्यावरच्या रेघेकडे बघितलं, तिच्या टोकापर्यंत.

"उद्या निघायचंय मला," ती म्हणाली. "पावणेतीनशे किलोमीटर. एकीची करा."

वाळूचं एकच पोतं चढलं, बावन्न किलोचं, चालवणाऱ्याच्या सीटवर. दोरीचं दुसरं टोक ताईने धरलं. ती उकिडवी बसली, श्वास रोखला आणि तो "झालं" म्हणेपर्यंत सोडला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत काम संपलं. जाताना ओळंब्याने शेजारचं दार उघडून आत डोकावलं.

"ही सीट तेवढी मागे घेऊ? कोणी उंच बसलं तर."

"गंजलीय ना ती."

"हो," तो म्हणाला. "म्हणाला होतात." आणि दार हलकेच लावलं.

१,४२,७३८

चौदा तारीख, सकाळ. मेहुणे मागच्या सीटवर मधोमध, मांडीवर औषधांची पिशवी. तिथे बसा असं ताईनेच सांगितलं होतं, एका बाजूला भार नको म्हणून. ते दोन्ही हात पिशवीवर ठेवून इतके ताठ बसले होते की जणू तेही कुणीतरी मोजून ठेवलेत.

धाकटी शेजारी बसली. तिने सीट मागेपुढे केली नाही, पट्टा ओढला, कप्पा उघडून वही काढली, कोरी पानं बघितली. दुसऱ्या चौकानंतर तिने मान तिरकी केली.

"ताई."

"हं."

"ओढतेय गं गाडी."

"किती?"

"वीतभर असेल. पण माझ्या बाजूला. तू म्हणालीस तुझ्याकडे."

"मिस्त्रींनी दुरुस्त केली."

"ही दुरुस्त झालेली आहे?"

मागून मेहुणे म्हणाले, "मी थोडा सरकू का?"

"तुम्ही बसा तिथेच," दोघी एकदम म्हणाल्या.

धाकटीने पर्समधून हिरवं पेन काढलं, एका डोळ्याने नीट दिसत नसल्यामुळे वही नाकाशी धरली आणि लिहिलं. काय, ते ताईला दिसलं नाही. तिने दवाखाना येईपर्यंत स्टिअरिंग जरासं आपल्याकडे ओढून धरलं होतं. खांदा दुखला. ऑपरेशनला वीस मिनिटं लागली. परतताना डोळ्यावर पट्टी लावून धाकटी झोपली, आणि झोपलेलं माणूस जागं असतानापेक्षा जड लागतं हे खरं नाही. वीत तेवढीच होती.

"राहा की आठ दिवस," धाकटी दुसऱ्या दिवशी म्हणाली.

"कशाला. तुझे हे आहेत."

"आहेतच. म्हणून तू नको असं कुठे आहे?"

"पुढच्या तपासणीच्या दिवशी येते."

"नक्की? नाहीतर भाड्याची—"

"येते म्हटलं ना."

१,४३,०१२

परतीचा रस्ता मोकळा होता. शेवटच्या सरळ पट्ट्यात ताईने हात स्टिअरिंगवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. गाडी इकडे नाही, तिकडे नाही. पेन्सिलीने ओढावी तशी रेघ, शंभर पावलं, दोनशे, पाचशे. तपासायला शेजारी कोणी नव्हतं. मग तिने हात परत ठेवले.

घराखाली गाडी लावल्यावर तिने वही काढली. धाकटीची नवी नोंद होती: "१,४२,७३८. माझ्या बाजूला एक वीत. ताईने सांभाळून घेतली. ब्रेक ऑइलला दोन वर्षं होत आली." ताईने त्याखाली निळ्या शाईत लिहिलं: "१,४३,०१२. सरळ." मग मागची पानं चाळत बसली.

१,३८,९०४

शेजारच्या सीटखालच्या पट्ट्या घासून साफ केल्या, तेल दिलं. सीट आता एका बोटाने मागेपुढे सरकते.