चामड्यात बांधलेली पोथी

श्रुतपंचमीच्या आदल्या दिवशी अक्काताई पाटील उचगावहून कोल्हापुरात आल्या. पिशवीत पोथ्यांसाठी शिवलेली नवी वेष्टनं होती, पांढऱ्या जाड सुताची. श्रुतपंचमीला जैन लोक ग्रंथ बाहेर काढतात, झटकतात, नव्या कापडात बांधतात आणि एक पोथी सगळ्यांसमोर वाचतात. उचगावच्या पोथ्या मात्र गेल्या वर्षी गावातून हलल्या होत्या, आणि हलल्या होत्या त्या अक्काताईंच्या शब्दावर.

शब्द मागितला होता त्यांच्या धाकट्या दिरानं. अण्णासो लहान असताना सासूबाई गेल्या, तेव्हापासून अक्काताईंनीच त्याला वाढवलं. सासऱ्यांपुढं बसून दोघं एकाच पोथीवरून जुनी कानडी अक्षरं शिकली. पुढं अण्णासो बोर्डिंगात राहून शिकला आणि मंगळवार पेठेतल्या विद्यार्थी ग्रंथसंग्रहाचा कारभारी झाला. महाराजांच्या राज्यात बोर्डिंगं निघत होती, खेड्यातली पोरं कॉलेजात जात होती. एक दिवस इथं विद्यापीठ होईल आणि हा संग्रह त्याचा पाया असेल, असं तो ज्याला त्याला सांगे. मोडी बाडं, फारसी सनदा, संस्कृत ग्रंथ त्यानं दारोदार हिंडून मिळवले होते. बस्तीचं, म्हणजे गावच्या जैन मंदिराचं, छप्पर गळू लागलं आणि पोथ्यांच्या कपाटात ओल आली, तेव्हा त्यानं त्याही मागितल्या.

गावचा पंच नेमगोंडा तयार नव्हता. "शहरात गेल्याली वस्तू माघारी येत न्हाय. माझी छत्री गेली, ती अजून गेलीच हाय," असं तो म्हणाला तेव्हा लोक हसले. अक्काताई हसल्या नाहीत. "माघारी आणायचं माझ्याकडं लागलं," त्या म्हणाल्या. मग अटी ठरल्या. पोथ्यांना चामडं लावायचं नाही, जनावरांच्या कातड्याचा सरसही नाही, कारण तसली वस्तू बस्तीत नेता येत नाही. श्रुतपंचमीला पोथ्या गावात यायच्या. आणि गावानं मागितल्या की परत द्यायच्या. अण्णासोनं सगळ्याला मान हलवली होती.

आज त्यानं हसत हसत कपाट उघडलं. "बघ वैनी, कशा दिसत्यात."

आत तांबूस पुस्तकांची रांग उभी होती, पाठीवर सोनेरी अक्षरं. अक्काताई लाकडी फळ्यांमधली सुटी पानं शोधत राहिल्या.

"आमच्या कुठं हायत?"

"ह्याच की."

त्यांनी बोट लावलं आणि मागं घेतलं. चामडं होतं. पानं डावीकडून शिवून, सरस लावून साहेबी पुस्तकासारखी बांधली होती.

"कुणी केलं हे?"

"करीमभाईनं. पानं सुटी राहिली की हरवत्यात, वैनी. कॉलेजची पोरं हाताळणार."

"मी काय सांगितलं हुतं?"

अण्णासो कपाटाचं दार लावू लागला.

करीम बाइंडर बाहेरच्या पडवीतच कामाला बसत असे. अक्काताईंनी त्याला हाक मारली.

"करीमभाई, तुमी इतकी वर्सं बस्त्यांच्या पोथ्यांना पिठाची खळ लावता. ह्यांना सरस कसा लावला?"

करीम गोंधळला. "चैत्रात काम आलं तवा मी इचारलं की, अक्काताई. दोनदा इचारलं. अण्णासो म्हनले, वैनीनंच सांगितलंय. तुमचं नाव आलं म्हनताना मी काय बोलनार?"

अक्काताई खाली बसल्या. फाल्गुनात त्यांनीच अण्णासोला आनंदानं सांगितलं होतं, बस्तीचं छप्पर झालं, सागवानी कपाट आलं, गाव आता पोथ्या परत मागणार आहे. त्यानंतरच बांधणी झाली होती. अण्णासोला परत द्यायची अट मोडायची नव्हतीच. गावानं मागितल्या तर तो देणार होता. फक्त त्या घेऊन गावाला बस्तीत जाता येऊ नये, एवढी व्यवस्था त्यानं केली होती.

"घेऊन जा की, वैनी," तो हळू आवाजात म्हणाला. "मी न्हाय म्हणत न्हाय. पर ठेवशील कुठं? हितंच ऱ्हाऊ देत. आणखी शंभर वर्सांनी लोक वाचतील."

"माझ्या नावानं सांगितलंस," अक्काताई म्हणाल्या. "माझ्याच नावानं."

त्यांनी सासऱ्यांनी लिहिलेली पोथी काढली आणि करीमपुढं ठेवली. "सोडवा."

करीमनं पाठ दाबून पाहिली. "चामडं निघंल. सरस पानांत मुरलाय. काठ कापावा लागंल, आनि काठाबरोबर ओळींची पयली अक्षरं जातील."

"वैनी!" अण्णासो पुढं धावला. "बाबांचा हात हाय त्यो! कापू नगोस. पाया पडतो तुझ्या."

"चामडं लावताना मला इचारलंस का? कापा, करीमभाई."

करीमनं सुरी पाजळली. पट्ट्या खाली पडत गेल्या, एकेका पट्टीवर काळ्या शाईचे तुकडे होते. अण्णासो त्या गोळा करत राहिला. अक्काताईंनी सुटी पानं पुसली, कपाटामागं पडलेल्या जुन्या फळ्यांत ठेवली, नव्या वेष्टनात बांधली. उरलेली वेष्टनं पिशवीतच राहिली.

"बाकीच्यांचं?" करीमनं विचारलं.

"गाव ठरवंल. मी आता कुणासाठी शब्द टाकणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी बस्तीच्या पायरीवरच त्यांनी नेमगोंडाला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तो छत्रीबद्दल बोलेल असं त्यांना वाटलं होतं, पण त्यानं वेष्टनावरून हात फिरवला. मग म्हणाला, "आत आणा. पानांचा काय दोष?"

अण्णासोही आला होता. दरवर्षी पहिलं पान तोच वाचायचा, वडील होते तेव्हापासून. तो आपल्या जागी बसला आणि त्यानं ओंजळ पुढं केली. अक्काताईंनी पान उचललं, त्याच्या हातांवरून नेलं आणि नेमगोंडाला दिलं.

नेमगोंडा अडखळत वाचू लागला. प्रत्येक ओळ मध्येच सुरू होत होती. ज्यांना पाठ होतं ते बसल्या जागेवरून गेलेली अक्षरं सांगत होते. सगळ्यात चांगलं पाठ अण्णासोला होतं. त्याचे ओठ हलत होते. अक्काताईंना ते दिसत होते, आणि त्या त्याच्या आधी प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणत होत्या.