अस्तरापलीकडे गेलेले

या, असे जवळ सरकून बसा. मावशीच्या बोटाची गोष्ट सांगते. ऐकता ऐकता स्वतःचंही बोट चाचपून बघाल.

मावशी शिवणकाम करते. जाड कापडातून सुई निसटली ती थेट उजव्या हाताच्या पहिल्या बोटात. दुसऱ्या दिवशी बोट टम्म फुगलं. विष वर चढू नये म्हणून बाईसाहेबांनी बोटाच्या मुळाशी दोरा करकचून बांधला आणि बसल्या मशीनवर! शिवणाऱ्याला दोऱ्याशिवाय दुसरं काय सुचणार?

मी लॅबमध्ये दिवसभर रक्तातल्या पेशी बघते. दुपारी घरी आले, बोट हातात घेऊन पाहिलं. निळसर. गार.

"मावशी, कात्री!"

"ती कापडाची आहे हं, भलत्याला लावू नकोस."

दोरा कापला, तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं. म्हणाले, "संध्याकाळपर्यंत रंग परतला नाही, तर पेर काढावं लागेल."

"अहो, सुई त्याच पेरानं धरते मी!"

बाकावर बसलो. माझे ओठ नामस्मरण करत होते, डोळे बोटावर.

"सूज नि विष वर चढू दिलं नाही ना मी? मग चुकलं कुठं?" मावशी पुटपुटली.

"अगं, सूज म्हणजे मदत आलेली असते. रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं. संकट आलं की त्या पेशी चिकट हात बाहेर काढतात. वाहत्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गडगडत येतात, त्या हातांना अडकतात, थांबतात. मग अस्तराच्या शिवणीतून अंग चोरून बाहेर, थेट जंतूंवर. तू त्यांचा रस्ताच बांधलास."

"शिवणीतून? मग उसवत नाही?"

"मागे आपोआप मिटते."

"असा शिंपी एकच," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

दिवे लागायच्या सुमारास ती कळवळली. "ठणकतंय गं! आग आग होतेय."

बोट लालभडक झालं होतं, गरम. तिच्या दुखण्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

"ठणकू दे," डॉक्टर हसले. "पेर वाचलं."

तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर थोडा पू. मावशीनं नाक मुरडलं, "शी!"

"शी काय? अस्तरापलीकडे गेले होते ना, ते पांढरे शिपाई हेच. लढून मेलेले."

 मावशीनं तशाच सुजल्या बोटानं हात जोडले.

तुम्हीही आज देवापुढे उभे राहाल, तेव्हा त्यांची आठवण ठेवा. हाकेला आले, आणि परत गेले नाहीत.