उलटा हात

लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, विजेच्या मोटरींच्या लॅबमध्ये गुरुबसप्पा अठ्ठावीस वर्षं असिस्टंट होते. बायको मल्लम्मा गेली तशी घरात बोलायला भिंतीच उरल्या. माणसं होती ती लॅबमध्ये. पोरं "काका, काका" करायची आणि काका दरवर्षी एकच गोष्ट बजावायचे. मोटर तापली का बघायचं तर उलटा हात लावायचा. करंट उतरला असला तर उलटा हात झटक्यानं मागं येतो, सुलटा मूठ वळून धरूनच बसतो.

मग आले टॅब. काचेवर बोट टेकवलं की मोटर सुरू, आकडे समोर. पोरं खूश, अन् का नसावीत! पण काकांचं बोट त्या काचेला कळेचना. जन्मभर तारा सोलून पडलेले घट्टे, वर सकाळच्या भस्माचा कोरडेपणा. घासलं, दाबलं, काच ढिम्म. विभागप्रमुख भागवत सरांनी सांगून टाकलं, "शनिवारी कमिटीपुढं टॅबवर प्रयोग करून दाखवा. नाही जमलं तर स्टोअर सांभाळा."

स्टोअर तळघरात. तिथं कुत्रंसुद्धा फिरकत नाही. काका रोज लॅब सुटली की टॅब घेऊन बसू लागले.

भोकरची तनुजा, तिसऱ्या वर्षाची, हसली. "काका, बोट जरा ओलं करा की!" केलं, अन् मोटर फिरली! काका लेकरासारखे हरखले.

शनिवारीही फिरली. टॅबवर चाळीस अंश. कमिटी माना डोलवत होती. पण जित्याची खोड! काकांनी मोटरीला उलटा हात लावला, चटका बसला, अन् त्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

"हे काय केलंत?" भागवत सर कडाडले.

"सर, लई तापून राहिली. जळाली असती."

"टॅब चाळीस दाखवतोय!"

"एकदा हात लावून बघा की."

कुणी लावला नाही. कमिटी पुढच्या लॅबकडं गेली.

सोमवारी कळलं, मोटरीवरच्या सेन्सरची तार निसटली होती, आकडा चाळीसवरच अडकला होता. ती जोडली. काकांच्या बदलीचा कागद मात्र निघून गेला होता, तो कोण कशाला मागं घेतो?

महिन्याभरानं तनुजा फ्यूज न्यायला स्टोअरमध्ये उतरली.

"पोरी, मोटरीला उलटा हात लावता ना?"

तिनं मान खाली घातली. "न्हाई काका. हात लावू नये म्हणून पाटी लावलीय."

काकांनी फ्यूज दिला, वहीत तिची सही घेतली. त्या दिवसभरात तेवढंच बोलणं झालं.