आंब्याकडची पट्टी

सहदेवचं आणि भगवंतचं बिनसलं ते मेंढ्यांच्या लेंड्यांवरून. तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावात भांडणाला कारण लागतंच असं नाही, पण लेंड्यांपायी सख्खे भाऊ वेगळे निघालेले मी तरी दुसरे पाहिले नाहीत. त्यांच्या वावराला माझा धुरा, म्हणजे बांध, लागून, त्यामुळं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

ती वर्षं कापसाची होती. विलायतेच्याही पलीकडं कुठं लढाई लागली आणि इकडं आमच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. कापसाच्या पराटीला बोंड धरायच्या आत दलाल वावरात हजर. लोकांनी ज्वारी मोडली, तूर मोडली, गुरांचं कुरणसुद्धा नांगरलं. धाकटा सहदेव त्यातलाच. बापाच्या वावराच्या नाल्याकडच्या अर्ध्यात त्यानं भगवंतच्या मागं लागून लागोपाठ तिसऱ्या वर्षी पराटी लावली. आंब्याकडच्या अर्ध्यात मात्र थोरल्यानं कुणाचं ऐकलं नाही. तिथं ज्वारी, मधूनमधून तुरीची ओळ, आणि पीक निघालं की खतासाठी धनगराच्या मेंढ्या बसवायच्या. त्याबद्दल धनगराला घरच्या कणगीतली ज्वारी जायची.

मेंढ्या एकाच अर्ध्यात का, हे सहदेवच्या डोक्यात शिरलं. शिरलं म्हणजे गावानं शिरवलं. थोरला आपल्या वाट्याचं वावर आधीच खतावून ठेवतोय, असं पारावर बोललं जाऊ लागलं. मग सहदेवला भावजयीच्या हातची भाकरीही लहान दिसायला लागली. एक दिवस त्यानं भावाला वावरातच गाठलं.

"पराटीनं थकली ते नाल्याकडची जमीन. मंग मेंढ्या आंब्याकडं काहून?"

"नाल्याकडं पराटी उभी हाये. तिच्यात घालू काय मेंढ्या?" भगवंत म्हणाला.

उत्तर खरं होतं. पण सहदेवला खरं उत्तर नकोच होतं, त्याला वाटणी हवी होती.

पंच आंब्याखाली बसले, मीही होतो. आमच्याकडची रीत अशी की थोरल्यानं धुरा टाकायचा आणि धाकट्यानं आधी वाटा उचलायचा. सहदेव भांडायच्या तयारीनं आलेला. भगवंतनं वावराच्या बरोबर मधोमध धुरा टाकला आणि शांतपणे म्हणाला, "आंब्याकडची पट्टी घे तू."

सहदेवचा चेहराच उतरला. त्यानं मला बाजूला ओढलं.

"काकाजी, एवढं खतावलेलं वावर कोणी हातानं देते काय? जादा खतानं पराटी नुसती पानावर जाते, बोंड धरत नाई. मले फसवून राहिला हा."

मी परोपरीनं समजावलं. त्यानं मलाही थोरल्याचा माणूस ठरवलं आणि पंचांसमोर नाल्याकडची पट्टी उचलली.

भगवंतची बायको शकुन भाकरीची टोपली घेऊन उभी होती, ती तिथंच खाली बसली. परतताना मला म्हणाली, "दोन वर्सं मेंढ्या बसवल्या त्या त्याच्याच वाट्यासाठी, काकाजी. नाल्याकडचं पाण्यानं चिबडते, ते आपण सांभाळू म्हणत होते हे."

"मग त्याले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तर तेई खोटंच वाटलं असतं त्याले."

मला दोघांचाही राग आला. एकाच्या संशयाचा आणि दुसऱ्याच्या मुकेपणाचा.

पुढच्या साली आधी पावसानं झोडपलं आणि श्रावणात दडी मारली. नाल्याकडची पराटी पिवळी पडून गुडघ्याएवढीच राहिली. आंब्याकडची ज्वारी मात्र तगली. उन्हाळ्यात गावात कडब्याची पेंढी मिळेना. सगळ्यांनीच पराटी लावलेली, कडबा येणार कुठून? सहदेवच्या बैलांच्या फासळ्या दिसू लागल्या. एका सकाळी भगवंत न बोलावता कडब्याची गाडी भरून त्याच्या दारात आला.

सहदेवनं एक पेंढी उतरवून काखेत धरली, हुंगली, आत हात घालून पाहिलं. मग म्हणाला, "पावसानं ताण देल्ला का जवारीत जहर उतरते. आधी तुह्या बैलाले चारून दाखव."

भगवंतनं एक पेंढी आपल्या बैलापुढं टाकली. बैल खात होता आणि सहदेव त्याच्या तोंडाकडं बघत उभा होता. तेवढ्यात सहदेवच्याच बैलानं मागून मान लांब करून त्याच्या काखेतली पेंढी ओढून घेतली.

"याच्या बदल्यात तुले काय पाहिजे?" सहदेवनं विचारलं.

"काही नाई. शेण तेवढं वाया घालवू नको. नाल्याकडच्या पट्टीत टाक."

भगवंत गाडी घेऊन गेला. सहदेव तडक माझ्याकडं आला.

"शेण टाक म्हणते, काकाजी. काहून म्हणत असन?"

मी हात जोडले आणि घरात गेलो.

शेण त्यानं टाकलं. पण भावाच्या धुऱ्यापासून चांगलं लांब, पावसानं वाहून तिकडं जाऊ नये म्हणून.