झालं म्हटल्यावरचा फोटो

मित्रांनो, फडताळाच्या वरच्या खणात पांढऱ्या मोज्यात गुंडाळलेली जी जड वस्तू दिसते ना, ती मी. रोलचा कॅमेरा. जुना म्हणालात तरी माझी हरकत नाही. मोजा माझ्या मालकाचा, प्यो सांगदकचा आहे, धुतलेला आहे आणि एकच आहे. दुसरा कुठे गेला ते त्यालाही ठाऊक नाही.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझ्या पोटातल्या आरशाचे स्क्रू आवळले आणि मला पेटीत घातलं, एवढंच. पेटी उघडली ती समुद्रापलीकडे, राजधानी सोलच्या दक्षिणेकडल्या ग्वांगजू शहरातल्या दुकानात, आणि उघडणारा हात सांगदकचा होता. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोनं, सुनइमनं, दुकानाबाहेर आल्यावर विचारलं, "अहो, यात माझी अंगठीपण गेली का?" तो म्हणाला, "पुढच्या वर्षी." ती अंगठी सहा वर्षांनी आली.

गुरये गावात बसस्थानकासमोर आमचा स्टुडिओ होता. पहिल्या वाढदिवसाला रंगीत कपडे घालून आणलेली आणि हमखास रडणारी मुलं, शाळेचे वर्ग, ओळखपत्रासाठी आलेले घाबरट चेहरे, सगळं मी पाहिलं. लोक म्हणायचे, सांगदककडे काढला की माणूस माणसासारखा दिसतो. श्रेय त्याला मिळायचं. मी काही बोललो नाही.

बोललो नाही म्हणालो खरा, पण माझा आवाज मोठा आहे. बटण दाबलं की माझा आरसा वर जातो, खाली येतो आणि "खटॅक" होतं. शेजारच्या दुकानातला कुत्रा दचकायचा. एका लग्नात तर पाद्री वाचता वाचता थांबले होते. माझ्यानंतर बनलेल्यांचा आवाज हलका होता, असं ऐकलं होतं. मला या आवाजाची थोडी लाजच वाटायची.

पुढे सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि स्टुडिओ बंद झाला. आता तिथे तळलेली कोंबडी मिळते. सांगदकनं दुकान बंद केलं, मला नाही केलं. तो मला खांद्याला लावून खेडोपाडी फिरू लागला, दीर्घायुष्याचे फोटो काढायला.

दीर्घायुष्याचा फोटो म्हणजे काय, हे तिकडे कुणी विचारत नाही, पण तुम्हाला सांगतो. माणूस गेल्यावर फुलांच्या मध्ये त्याचा मोठा फोटो ठेवतात आणि येणारा जाणारा त्याला वाकून नमस्कार करतो. तो फोटो आधीच, धडधाकट असताना काढून ठेवायचा. काढला की आयुष्य वाढतं म्हणतात. माझ्या माहितीत काहींचं वाढलं.

सांगदकची रीत ठरलेली. गावाच्या सभागृहात, जिथे म्हाताऱ्या दिवसभर तापवलेल्या जमिनीवर पाय पसरून पत्ते खेळत असतात, तिथे खिडकीशी स्टूल ठेवायचं. समोर जमिनीवर पांढरी चादर पसरायची, म्हणजे खालून उजेड येऊन सुरकुत्या मऊ होतात. आणि माणशी दोन फोटो. तिसरा मागितला की म्हणायचा, "काकू, रोल काय झाडाला लागतात?"

त्या म्हाताऱ्यांत हादोंगवाली म्हणून एक होती. हादोंग तिचं माहेर. सासरी येऊन पासष्ट वर्षं झाली तरी तिला कुणी नावानं हाक मारत नव्हतं, इतर जणीही अशाच माहेराच्या गावावरून ओळखल्या जायच्या. वय सत्त्याऐंशी. दरवर्षी सांगदक म्हणायचा, "काकू, बसा." दरवर्षी ती म्हणायची, "आधी यांचे काढ. या टेकल्यात. मला घाई नाही." बाकीच्या हसायच्या आणि पत्ते पुढे चालू.

त्या वर्षी शरद ऋतूत तीच आमच्या दारात आली. हातात पर्सिमॉन फळांची पिशवी. म्हणाली, "सांगदक, हिवाळ्यासाठी कोबीची किमची मुरत घालून झाली की मुलगा मला इंचॉनला नेतोय. तिथे म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात ठेवणार. पुन्हा इकडे यायची नाही मी. माझा काढ."

"काढू की," सांगदक म्हणाला.

"माझ्याकडे ओळखपत्रावरचाच आहे. त्यात मी कुणाचं तरी कर्ज बुडवून आल्यासारखी दिसते. त्या बाईला नमस्कार करायला लोक येतील होय? दारातून परत जातील."

सांगदक हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. कारण त्याच महिन्यात आमचे रोल धुणारा शेवटचा माणूसही धंदा आवरून मुलीकडे गेला होता. रोल पोस्टानं सोलला पाठवता आले असते. पण आदल्या वर्षी पाठवलेले दोन रोल वाटेत गहाळ झाले होते. त्यात तीन आज्या होत्या, आणि त्यांतली एक पुन्हा बसायला राहिली नव्हती. त्यानंतर सांगदक पोस्टाचं नाव काढत नव्हता.

म्हणून आम्ही ग्वांगजूला गेलो, डिजिटल कॅमेरा बघायला. मित्रांनो, आपली जागा घेणाऱ्याची निवड करायला आपल्यालाच खांद्यावर घालून नेणं, यात कुणाला काही वाटत नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान एका मेंगबाईंचं होतं. पन्नाशीच्या, बोलण्यात सरळ. सांगदकनं विचारलं, "मेगापिक्सेल जास्तीत जास्त किती मिळतील?"

"मास्तर, काढता काय?"

"माणसं. बसलेली."

"छापता केवढा?"

त्यानं हातांनी चौकट दाखवली, पोटाएवढी.

"मग दहासुद्धा पुष्कळ झाले. उडते पक्षी काढायचे नाहीत, रात्रीचे सामने काढायचे नाहीत. वेगाचे पैसे कशाला देता? वापरलेला घ्या, दोन पिढ्या मागचा. उरलेले बायकोला द्या."

सल्ला चोख होता. पण सांगदकचा खांदा दुखत होता आणि तीस वर्षं माझं ओझं वाहिलेल्या माणसाला हलकी वस्तू दिसली की मोह होतो. त्यानं एक छोटा, चांदीच्या रंगाचा घेतला. खिशात मावणारा. परत येताना बसमध्ये तो दहा वेळा त्याला हातात घेऊन बघत होता. माझा पट्टा बाकावरून घसरला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात सहा जणी नटून बसल्या. लिपस्टिक एकीची, ओठ सहा जणींचे. सांगदकनं पहिलीला बसवलं, बटण दाबलं. "टिंग" वाजलं. पहिलीनं मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं, दुसरी उठलीच. म्हणाली, "भात झाला गं." भाताचं विजेचं भांडं तिथे अगदी असंच वाजतं. पुढच्या तिघींनीही "टिंग" झालं की भाताकडेच पाहिलं. खरा भात झाला तेव्हा मात्र कुणी उठलं नाही आणि तो करपला.

मग सांगदकनं आवाज बंद केला. आता हादोंगवालीची पाळी. ती ताठ बसली, श्वास धरला. त्यानं एक काढला, दोन काढले, आठ काढले. फुकटच होते ना. तिचा चेहरा लाल होत गेला.

"अरे, झालं का?"

"कधीच झालं, काकू."

"मग सांगायचं नाही? मी इथे जीव मुठीत धरून बसलेय." तिनं कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आपले आठ चेहरे पाहिले. आठही ओळखपत्रातल्या बाईचे होते. ती उठली. "हे यंत्र चोरासारखं काढतंय. तुझा तो जुना सांगून काढायचा. जाऊ दे. नाहीच नशिबात." आणि चपला घालून घरी गेली. किमचीला चार दिवस उरले होते.

घरी सांगदक जेवला नाही. म्हणाला, "हात गेला माझा. म्हातारा झालो."  सुनइमनं फिल्मच्या पट्ट्यांचा पत्र्याचा डबा खाली काढला. सगळे रोल तीच कापायची, तीच चौकटी करायची. तिनं एकेक पट्टी खिडकीशी धरून त्याला दाखवली.

"हे बघा. बोसॉंगवाली. पहिला ताठ, दुसरा छान. गिरणीवाले आजोबा. पहिला ताठ, दुसरा छान. अहो, तुम्ही पहिला फोटो आजवर कुणाला दिलाच नाहीत. तीस वर्षं मी पहिला बाजूला टाकतेय."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

सांगदकला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. माझं खटॅक झालं की समोरचा माणूस समजायचा, सुटलो. सांगदक "झालं" म्हणायचा, ते श्वास सोडायचे, खांदे पडायचे, कुणी तोंडातली कवळी सारखी करायचं, कुणी मैत्रिणीला टोमणा मारायचं. आणि याचं बोट सवयीनं पुन्हा दाबायचं. लोकांना वाकून नमस्कार करावासा वाटे तो हा दुसरा चेहरा. ज्या आवाजाची मला लाज वाटायची त्यानं तो आणला होता. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा मेंगबाईंकडे. सांगदकनं चांदीचा परत ठेवला, चष्मा काढून खिशात घातला आणि म्हणाला, "वाजवून दाखवा."

"काय?"

"सगळे. एकेक."

मेंगबाईंनी सात कॅमेरे मांडले. सांगदक डोळे मिटून एकेकाचं बटण दाबत गेला. दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक आपलं काम विसरून बघत उभं राहिलं. पाचव्याला तो थांबला. तोच पुन्हा दाबला. माझ्याएवढा नाही, पण दणकट आवाज होता.

"मास्तर, हा सगळ्यात जुना आहे. बारा वर्षांचा. पडद्यावर चरा, रबर सुटलंय. म्हणून तर सगळ्यात स्वस्त. लोक इथे येऊन पिक्सेल मोजतात, तुम्ही कान लावताय."

"हाच द्या."

"भिंग वेगळं घ्यावं लागेल, त्याचे पैसे..." त्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "थांबा. हा त्याच घरातला दिसतोय. याचं भिंग त्याला बसेल."

त्यांनी मला उचललं, बाजूची कळ दाबली, भिंग फिरवलं आणि ते निघालं. त्या बारा वर्षांच्या पोराला ते नीट बसलं. माणूस त्यातून जरा जवळचा दिसतो, म्हणाल्या, चेहऱ्यांना बरंच. माझ्या उघड्या तोंडावर प्लास्टिकचं झाकण आलं. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? त्यानंतर मी काही पाहिलेलं नाही, पुढचं सगळं ऐकून सांगतो आहे.

किमचीच्या आदल्या दिवशी सांगदक हादोंगवालीच्या दारात उभा राहिला. "काकू, एकदाच. नाही जमलं तर मीच तुमच्या मुलाला सांगीन, माझी चूक म्हणून." ती बरंच कुरकुरली, मग केस विंचरून आली. नव्याच्या पडद्यावर त्यानं कापडी चिकटपट्टी लावली होती, कुणी डोकावू नये म्हणून. मला त्यानं का आणलं होतं कोण जाणे. सवय असेल. चादरीचा एक कोपरा उडत होता, त्यावर मला वजन म्हणून ठेवलं.

"इकडे बघा, काकू."

खटॅक.

"झालं."

तिनं मोठा श्वास सोडला. स्टूल करकरलं. मग तिचा आवाज माझ्या बाजूला वळला.

"आणि याला रे काय झालं? याचा डोळा कुठे गेला?"

"दिला, काकू. त्या नव्याला दिला."

"दिलास होय रे?" ती मला म्हणाली. "शहाणा माझा."

खटॅक.

मुलगा तिला घेऊन गेला, सोबत किमचीचा एक डबा आणि चौकट केलेला फोटो. माघ संपता संपता इंचॉनहून फोन आला. सांगदक काळा कोट घालून बसनं गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतला. सुनइमनं त्याला सूप गरम करून दिलं. मी मोज्यात होतो, फडताळाचं दार उघडं होतं.

"माणसं आली होती?" तिनं विचारलं.

"पुष्कळ. फोटोसमोर उभी राहत होती. हलत नव्हती लवकर." तो थोडा वेळ जेवला. "मुलगा मला बाजूला घेऊन गेला. म्हणाला, काका, आई या फोटोत समोर बघत नाहीये. खाली, बाजूला बघतेय. आम्हाला तर जन्मभर ओरडली, असं कधी कुणाकडे बघितलेलं आठवत नाही. कोण होतं तिथे?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, ओळखीचं होतं."

मित्रांनो, तीस वर्षं मी माणसांकडे पाहिलं. त्यांतली बहुतेक माझ्याकडे बघून ताठ झाली, ते साहजिकच होतं. माझ्याकडे अशा मायेनं बघणाऱ्या माणसाचा फोटो एकच आहे, तो मी काढलेला नाही आणि मला तो दिसणारही नाही. याची मला खंत नाही. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर हातात असेल त्या कॅमेऱ्यानं त्यांचा एक फोटो काढा आणि "झालं" म्हणा. मग लगेच उठून जाऊ नका. ते काहीतरी बोलतील, ते ऐकून घ्या आणि बटण अजून एकदा दाबा.